मिस्त्रींच्या गुडघ्याखालची उशी

मी एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे, मित्रांनो, गुडघ्याखालची! फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या बायकोने फाटक्या सतरंजीच्या घड्या घालून, वरून रबर शिवून मला घडवले. शिवताना सुई तिच्या बोटात घुसली. "माझं रक्त लागलंय हो हिला, नीट वापरा," असे बजावून तिने मला मिस्त्रींच्या हाती दिले.

शाळा, दवाखाने, मोठमोठी कार्यालये. जिथे फरशी, तिथे मी. "मिस्त्री, हात आहे की जादू!" असे लोक म्हणत. हातांचे कौतुक सगळ्यांना, गुडघ्यांची विचारपूस कोणालाच नाही. ते सुजून टम्म झाले. मिस्त्री म्हणत, "साठ झाली की पेन्शन. मग खुर्ची सोडायचीच नाही!"

आणि ऐन साठीच्या तोंडावर सरकारने पेन्शनचे वय पासष्ट केले. का, तर म्हणे लोक आता जास्त जगतात. कोण जगतात? मिस्त्रींचा कामावरचा जोडीदार साठी गाठण्याआधीच गेला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शरीर थकलेल्यांना तपासणी करून लवकर पेन्शन मिळे. मिस्त्री त्या तपासणीला गेले. पुरावा म्हणून मलाही पिशवीत घालून बायको सोबत आली. तपासणारे डॉक्टर मिस्त्रींच्याच वयाचे, पण कसे ताठ! ते खुर्चीतून उठले आणि त्यांच्या पायाखालची फरशी डुगडुगली. ती मिस्त्रींनीच बसवलेली होती. झाले! दुखणे विसरून मिस्त्री खाली बसले, बोटाने ठोकून म्हणाले, "पोकळ झालीय. उद्या येऊन बसवून देतो, साहेब."

"बसता येतंय की! मग काम जमेल तुम्हाला," असे म्हणत डॉक्टरांनी अर्ज नामंजूर केला.

"अहो साहेब, बसता येतं, उठता येत नाही! जरा थांबून बघा तरी!" बायको ओरडली.

डॉक्टरांनी तोवर पुढच्या माणसाला हाक मारली होती. शेवटी तिने आणि शिपायाने काखेत हात घालून मिस्त्रींना उभे केले.

आता मी पुन्हा त्याच गुडघ्यांखाली आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या उशा ढीगभर शिवता येतील. पण उद्या तुम्ही तसल्या खुर्चीत बसलात आणि समोर कोणी खाली बसले, तर त्याला उठायला सांगा. आणि तो उठेपर्यंत बघत थांबा.