अक्कलदाढेचं हाड

लाईट गेली की आमच्या मेरिदा शहरात पहिली धाव प्लगकडे. परत येताना लाईट अशी उसळी मारून येते की फ्रिज, मोटर, जे लावलेलं असेल ते जळून जातं. त्या रविवारी सकाळी लाईट गेली तशी मी प्रयोगशाळेतले सगळे प्लग ओढून काढले आणि पंपाची मूठ धरली.

मूठ म्हणजे माझ्या आईच्या मका दळायच्या यंत्राचा दांडा. प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारानं, एउदोमारनं, तो पंपाला जोडला होता. पंपाच्या नळ्या ज्या काचेच्या भांड्यात जात, त्यात सुपारीएवढं हाड वाढत होतं. मूळपेशींचं हाड नुसतं भिजत घालून होत नाही. पोषणाचा द्रव त्याच्यातून सारखा खेळता लागतो, नाहीतर वरून ठणठणीत दिसतं आणि आतून मरतं. आधीचे सगळे तुकडे असेच लाईट जाऊन मेले. म्हणून नियम होता, दुसऱ्याचा हात आपल्या हातावर पडल्याशिवाय मूठ सोडायची नाही. तेव्हा आम्ही बरेचजण होतो. एकेक करत देश सोडून गेले, उरलो मी आणि एउदोमार.

आणि या तुकड्याच्या पेशी माझ्या लेकीच्या, रोराइमाच्या अक्कलदाढेतल्या. दाढ काढली तेव्हा पोरगी म्हणाली होती, "घे आई, माझी अक्कल तुझ्याकडेच राहू दे." त्या दिवशी बाराच्या बसनं ती देश सोडून लिमाला निघाली होती. परत येईल असं दोघींपैकी कुणीच म्हणत नव्हतं.

सकाळी मी घरातून निघताना ती धुसफुसली होती.

"आजच्या दिवशी तरी नको जाऊस ना!"

"दहाला एउदोमार येतोय गं. मी सुटले की थेट टर्मिनलवर."

"तू आणि सुटणार! ते हाडच तुझी लेक."

"जीभ आवर. आणि वाटेत खायला मक्याच्या अरेपा बांधून ठेवल्यात, त्या विसरू नकोस."

दहा होऊन गेले असतील. एउदोमारचा पत्ता नाही. माझ्या फोनची बॅटरी संपलेली. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरून आला की उजवा. एउदोमारच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. एकदा मूठ सोडून दारापर्यंत गेलेही. मागे नळ्यांतला द्रव जागच्या जागी थांबला होता. माझ्याच पोरीचा श्वास अडकल्यासारखं वाटलं आणि मी परत फिरले. येईलच आता, म्हटलं. अजून थोडा वेळ.

चर्चमध्ये बाराची घंटा झाली. मी रडत रडत मूठ फिरवत राहिले. आता सोडली असती तर दोन्ही लेकी गेल्या असत्या.

एउदोमार आला तेव्हा ऊन खिडकीतून सरकलं होतं. तो दारातच थबकला.

"हे काय? हातानं का फिरवतेयस?"

"लाज वाटते का मेल्या, आत्ता येतोस? लाईट नसताना—"

"लाईट? लाईट तर पावणेदहालाच आली!"

मी भिंतीकडे पाहिलं. प्लग जमिनीवर पडला होता, मीच काढून टाकलेला. एउदोमारनं तो उचलून लावला. पंपावरचा हिरवा दिवा पेटला.

"पण कुणी ओरडलं नाही रे," मी म्हणाले. लाईट आली की समोरच्या इमारतीतून पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे 'आली, आली' म्हणून गिल्ला करतात. तेवढी एकच खूण मी कानांत धरून बसले होते.

एउदोमारनं खिडकीबाहेर पाहिलं. समोर मजल्यामागून मजले बंद होते.

"ओरडायला राहिलंय कोण?"

मग हळूच म्हणाला, "लाईट आली म्हणून तर मी इकडे न येता टर्मिनलवर गेलो, रोराइमाची बॅग चढवायला. म्हटलं तू येशीलच. पोरगीही म्हणत होती, लाईट आली, आता आई सुटली. बस हलेपर्यंत आत बसली नाही. दारातच उभी होती."

मोटर सुरू झाली होती. मूठ आपसूक फिरत होती आणि तिच्याबरोबर माझा हातही. एउदोमारनं त्यावर आपला हात ठेवला.

"सोड आता," तो म्हणाला.