वाटणीतले स्पीकर

गाणं अगदी रंगात आलं आणि ॲम्प्लिफायर बंद पडला. समोरचा हिरवा दिवा तांबडा झाला, आतून टक् असा आवाज आला आणि घर एकदम गप्प झालं.

“दमला,” आमचे हे म्हणाले.

“दमायला काय झालं? आत्ता तर लावलात.”

“अगं, नवीन आहे. रुळेल हळूहळू.”

जणू काही चप्पल घेतली होती. यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. ढोल सुरू होईपर्यंत नीट चालला आणि पहिल्याच थापेला पुन्हा टक्.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. “नाही ना वाजत?” त्यांनी विचारलं. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला तरी जाणवलं नाही.

“वाजेल, आई.”

“धाकट्याकडे तो जुना आहे की. त्याला विचार.”

“बाजारात पाहिजे तितके मिळतात,” हे म्हणाले, आणि माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला बसले. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेला यांचा. कागद वाचला की पाणी येतं, अशी त्यांची समजूत आहे.

ॲम्प्लिफायर नवा, पण स्पीकर माझ्या सासऱ्यांचे. सासरे छापखान्यात होते आणि गाणी ऐकणं ही त्यांची एकच चैन. कमरेएवढ्या उंचीचे, अंगाने आडवे असे ते दोन स्पीकर आणि त्यांच्या जोडीचा वजनदार ॲम्प्लिफायर. सुट्टीच्या सकाळी सासरे रेकॉर्ड लावायचे आणि हे नि भाऊजी, दोघे भाऊ, फरशीवर मांडी घालून ऐकायचे. सासरे गेल्यावर जुनी जागा सोडावी लागली आणि सामानाची वाटणी झाली. ती सासूबाईंनीच केली. कपाटं, पलंग, भांडी सगळं बिनबोभाट पार पडलं. गाण्याच्या सामानाशी येऊन त्या म्हणाल्या, “स्पीकर थोरल्याने न्यावेत, ॲम्प्लिफायर धाकट्याने.”

एकाला कुलूप आणि दुसऱ्याला किल्ली द्यावी, तसं हे. आम्हाला वाटलं, दुःखात त्यांचं लक्ष ठिकाणावर नाही. हे म्हणाले, “आई, एकमेकांशिवाय हे काय कामाचे? दोन्ही मला दे. मला त्यातलं कळतं. हा नेऊन काय करणार, त्यावर इस्त्री ठेवणार?”

भाऊजींनी तो ॲम्प्लिफायर एकट्याने उचलला आणि छातीशी धरून जिना उतरून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

भाऊजी आईला भेटायला यायचे, पण हे ऑफिसात असताना. दुपारी येऊन आईजवळ बसायचे, चहा घ्यायचे आणि पाचच्या आत निघायचे. यांना ते माहीत होतं. एरवी दुपारी उगाच घरी फोन करणारा हा माणूस नेमका त्या दिवशी फोन करायचा नाही. अशा रीतीने आमचं छान चाललं होतं. मग हे निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसू लागले, आणि भाऊजींचं येणं थांबलं. सासूबाईंना तीन मजले उतरता येत नाहीत. फोनवर मायलेक बोलतात, पण बोलणं संपल्यावरही त्या फोन हातात धरून बसतात. मला ते बघवायचं नाही.

आणि यांना निवृत्तीनंतर काय आठवावं, तर स्पीकर. इतकी वर्षं कोपऱ्यात उभे होते बिचारे. एकावर मी कुंडी ठेवली होती, दुसऱ्यावर यांच्या टोप्या.

पहिला ॲम्प्लिफायर परत करून यांनी दुसरा आणला. खोक्यावर वॉट इतके लिहिले होते, की चालू केल्यावर गल्लीतले दिवे मंद व्हायला हवे होते. हे तो एका हातात लटकवत जिना चढून आले. “सुटसुटीत आहे,” म्हणाले. तो बंद पडला नाही, हे खरं. पण आवाज चोंदल्यासारखा यायचा, म्हणून हे नॉब पुढे पुढे नेत गेले. ढोल कागद चुरगळल्यासारखा वाजायला लागला, गाणाऱ्या बाईंचा वरचा सूर फाटला, आणि मग जळका वास आला. एका स्पीकरचा वरचा छोटा भोंगा कायमचा गप्प झाला.

त्या दिवशी सासूबाई दोन घास जास्त जेवल्या.

“आता तरी फोन कर त्याला,” त्या म्हणाल्या.

“मी का करू? तो का नाही करत?”

“तू थोरला आहेस.”

“म्हणूनच.”

आत आल्यावर मी यांना धरलं. “आईंना ॲम्प्लिफायरचं काही पडलेलं नाही. त्यांना भाऊजींना बघायचंय. एवढं कळत नाही तुम्हाला?”

“कळतं,” हे म्हणाले. “पण मागायला गेलो तर तो म्हणेल, बघ, शेवटी आलाच. आणि एकदा माझं मी वाजवून दाखवलं, की मागायचा प्रश्नच राहणार नाही.”

भोंगा बदलायला आम्ही दोघं एका मेकॅनिककडे गेलो. सायकलच्या दुकानामागे त्याची खोली, खोलीभर उघडी यंत्रं आणि मधोमध एक स्टूल, त्यावर तो. त्याने जळका भोंगा बोटांत फिरवून बघितला.

“एका हाताने उचलता येईल असा ॲम्प्लिफायर लावला होता ना?”

“तुम्हाला कसं कळलं?” यांनी विचारलं.

“लोकांना वाटतं, मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो. जळतो तो छोट्याने. त्याच्या अंगात ताकद नसते. तुम्ही नॉब पिळत जाता, मग तो आवाजाची डोकी छाटून पुढे ढकलतो. ते सगळं या छोट्या भोंग्याच्या बोकांडी बसतं.”

“पण वॉट तर भरपूर लिहिले होते.”

“लिहायला काय जातं? नोकरीच्या अर्जात तुम्ही काय काय लिहिलं होतं?”

हे खरंच आठवायला लागले. मी कोपर मारलं.

“तुमचे स्पीकर खादाड आहेत,” मेकॅनिक म्हणाला. “हळू आवाजात गरिबासारखे वागतील, पण थाप आली की एकदम करंट मागतात. तो वेळेवर देणारा पाहिजे. म्हणून आधी उचलून बघायचा, मग ऐकायचा. आतला ट्रान्सफॉर्मर मोठा असेल तर वजन लपत नाही. यांच्या जोडीचा मूळचा कुठे आहे?”

“तो दुसरीकडे आहे,” हे म्हणाले.

मग यांनी कलिंगड निवडावं तसे त्याच्या खोलीतले एकेक ॲम्प्लिफायर उचलून पाहिले. शेवटी एक असा सापडला, की तो उचलताना यांच्या कमरेतून आवाज आला. मेकॅनिकने मान डोलावली. त्याने तिथल्याच एका धूळभरल्या स्पीकरवर नॉब अर्ध्यावर नेऊन दाखवला. आवाज मोठा झाला, पण एक सूर फाटला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि हे मिळून ते धूड वर घेऊन आले, नवा भोंगा बसवला, तारा जोडल्या, आणि चहा घेऊन तो गेला.

यांनी तीच ढोलाची रेकॉर्ड लावली. नॉब जेमतेम हलवला असेल, तर खोली भरून गेली. ढोल पोटात वाजला. बाई गाताना मधेच श्वास घेतात, तोही ऐकू आला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. हे कधी फरशीवर मांडी घालून बसले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मी त्यांना इतकं खुशीत कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रेकॉर्डची एक बाजू संपली.

“बाबांच्या वेळेसारखं आहे की नाही, आई?”

“हो. अगदी तसंच.”

“म्हटलं नव्हतं मी? बाजारात मिळतं.”

“मिळालं खरं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे आता धाकट्याला बोलवायचं कारण राहिलं नाही.”

“असं कुठे म्हटलं मी?”

“तू नाही रे म्हटलंस. वाटणी करताना मला वाटलं होतं, याच्याकडे हे ठेवलं आणि त्याच्याकडे ते, तर निदान गाणं ऐकायला तरी एकत्र बसाल. दोघांनाही एवढं वेड. किती दिवस राहाल गाण्यावाचून? तर राहिलात की. मी म्हटलं, आता काढलेत स्पीकर, आता कंटाळून करेल फोन.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “बंद नको करूस. लाव दुसरी बाजू. छान वाजतंय.”

दूध संपलंय हे सांगावं, तशा त्या हे बोलल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे फरशीवरून उठले. दुसरी बाजू लावली नाही. ॲम्प्लिफायर बंद केला, वाकून त्याच्या मागच्या तारा एकेक करून सोडवल्या, आणि फोन उचलला. नंबर आठवावा लागला नाही.

“मी बोलतोय,” हे म्हणाले. “बाबांचे स्पीकर काढलेत बाहेर. वाजत नाहीत. दोन-तीन ॲम्प्लिफायर लावून बघितले, कशानेच वाजत नाहीत. तुझ्याकडचाच लागणार, असं दिसतंय.”

मी बघतच राहिले. हा माणूस रजेच्या अर्जातसुद्धा खरं कारण लिहायचा. एकदा ‘कंटाळा आला आहे’ असं लिहून रजा नामंजूर करून घेतली होती. सासूबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

भाऊजींचा आवाज मुळातच मोठा. मी यांच्या शेजारी उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

“दादा, तो नाही रे राहिला. घर बदललं तेव्हा देऊन टाकला. स्पीकरच नव्हते, किती वर्षं सांभाळणार?”

यांनी डोळे मिटले. बाबांची वस्तू होती ती. आता यांचा आवाज चढणार आणि इतकं जमवलेलं फिसकटणार, असं मला वाटलं. सासूबाईंना पलीकडचं काही ऐकू आलं नव्हतं. त्या यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“बरं,” हे म्हणाले. “मग तू नुसता ये.”