खिंडीच्या अलीकडची मांडी

डोंगरातल्या ओमालो गावाच्या रस्त्यावर अठ्ठावीस वर्षं गाडी चालवून एलिझबारला कशाचीच भीती उरली नव्हती, आईखेरीज. आज एक्कावन्नाव्या वर्षी तो त्सियालाला, खालच्या कुताईसी शहरातल्या भूगोलाच्या शिक्षिकेला, आईला दाखवायला वर नेत होता. आई हो म्हणाली तर लग्न. आधीच्या दोघींना ती नाही म्हणाली होती. एकीला तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत.

रस्ता नेहमीसारखा सुंदर होता, म्हणजे खाली पाहवत नव्हतं. धबधबे काचेवर येत होते. वळणावळणावर दरीत गेलेल्यांचे फोटो लावलेले दगड होते, आणि एलिझबार एकेकाची ओळख करून देत होता. "हा गिगो. ब्रेक उत्तम, माणूस झिंगलेला."

अबानो खिंड दोन वळणांवर आली तशी त्सियाला म्हणाली, "आईंना मांडी आवडेल ना? घरच्या डुकराची आहे. तीन आठवडे धुरावर टांगली होती."

एलिझबारने गाडी थांबवली.

"अगं, खिंडीपलीकडे डुकराचा केससुद्धा नेत नाहीत. देव कोपतात. मेंढ्या मरतात."

"गेल्या वर्षी मेल्या त्या कुणी काय नेलं म्हणून?"

"नेलंच असणार कुणीतरी."

मागे अडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर लगाझा उतरून आला आणि वास घेताच दोन पावलं मागे सरला. "दरीत टाका, मास्तरीणबाई."

"आधी तुम्हाला टाकते." त्सियाला मांडीचं गाठोडं घेऊन उतरली आणि दगडावर बसली. "मी आणि मांडी, आम्ही दोघी इथेच. आईंना खाली घेऊन ये."

लगाझाने तिला आपला थर्मास दिला, पण लांबून. एलिझबार एकटाच वर गेला.

त्याच्या आईने, दारो आजीने, सगळं ऐकून घेतलं. शाल तीच ठेवली, काठी मात्र बदलली, जाडशी घेतली.

दुपारी ती एलिझबारच्या गाडीतून खिंड ओलांडून दगडापाशी उतरली. तिने आधी गाठोडं पाहिलं, मग बाई.

"टाकली का नाहीस?"

"टाकायची असती तर विकतची आणली असती."

"आणि माझा मुलगा?"

"तो अजून कच्चा आहे. त्याला धूर द्यावा लागेल."

दारोने कमरेची सुरी काढली, एक काप कापला आणि तोंडात टाकला. एलिझबारने टोपी काढली.

"आई, तू डुक्कर खाल्लंस."

"खिंडीच्या अलीकडे खाल्लं."

"पण आता घरी कशी जाशील? पोटात..."

"नाहीच जाणार. डुक्कर खाल्लं की आठवडाभर वर पाऊल टाकायचं नाही, हे मला तू शिकवणार? हिचं घर पाहून येऊ. सोयरीक करताना घर पाहतात."

"आणि गाय?"

"शेजारीण धार काढेल. तिने कुठे डुक्कर खाल्लंय?"

तिने दुसरा काप कापला, जरा जाड. मग दोघी मागच्या सीटवर बसल्या आणि मीठ किती दिवस चोळायचं यावरून भांडायला लागल्या. मांडी पुढे, एलिझबारशेजारी. लग्न ठरलं हे त्याला चौथ्या वळणावर कळलं, तेही त्या दोघी पाहुण्यांची यादी करू लागल्या म्हणून.