दारावरचा पंचा

एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात मला समुद्राकाठी जाऊन मुलांना शिकवायची हुक्की आली. समुद्र मी एकदाही पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. नुकतीच बी.एस्सी. झाले होते. कोकणात कासारखाडी म्हणून एक राखीव क्षेत्र होतं आणि तिथं एक संस्था नव्या पदवीधरांना वर्षभराची फेलोशिप द्यायची. तिथंच राहायचं, आसपासच्या शाळांतली मुलं खाडीत न्यायची, त्यांना चिखल, झाडं, पक्षी दाखवायचे आणि हे सगळं का राखायचं ते पटवायचं. मुलाखत झाली होती. आता संस्थेची माणसं पिंपरीला येऊन, आमच्याच भागातल्या मुलांचा मी तास कसा घेते ते बघणार होती आणि त्यावर निवड ठरणार होती.

जमलं तर खाडी. नाही तर भोसरीच्या एका वर्कशॉपात टाइमकीपर. मामांनी तिथं शब्द टाकून ठेवला होता आणि सोमवारपासून या असा निरोपही आला होता. टाइमकीपर म्हणजे दाराशी बसून दुसऱ्यांचं येणं-जाणं लिहायचं. नुसत्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

"चिखल शिकवायला इतक्या लांब?" आई म्हणाली. "आपल्या नदीला काय चिखल कमी हाय?"

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. ते एका कंपनीच्या फाउंड्रीत होते. "पर प्रभा, त्या लोकांपुढं मोठ्यानं बोल. तुझा आवाज लई बारीक हाय."

आवाज बारीक असणारच. आमची चाळ कंपन्यांच्या मागच्या अंगाला. घरटी एक तरी माणूस पाळीवर, आणि पाळी आठवड्याला बदलायची. ज्याची नाइट असेल तो सकाळी येऊन झोपायचा आणि त्याच्या दाराच्या कडीला पंचा अडकवलेला असायचा. पंचा दिसला की अख्खी चाळ मुकी. बायका बादली नळाखाली तिरकी धरायच्या, म्हणजे धार वाजत नाही. पोरांची भांडणंसुद्धा खुणांनी चालायची. शिव्यांनाही खुणा होत्या, आणि त्या तोंडच्या शिव्यांपेक्षा जास्त लागायच्या. हसू आलं तर फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबायचा. मी यातच वाढले, त्यामुळे यात काही निराळं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

संस्थेचे पाहुणे आले त्या आठवड्यात बाबांची नाइट होती. शुभदाताई किडकिडीत, चष्म्यातून थेट बघणाऱ्या. त्यांच्याबरोबरचे गुरुदत्त सर अंगानं भारी, स्टेशनपासून चालत आल्यानं घामाघूम, हॅटनं वारा घेत होते. शाळेला सुट्टी होती, म्हणून चाळीसमोरच्या कडुनिंबाखाली पोरं बसवली होती. पाहुण्यांना शेजारच्या तानुबाईंच्या दोन खुर्च्या आणल्या.

मी पवनेच्या काठचा चिखल घमेल्यात उतरता थापून आणला होता. एका बाजूला खराट्याच्या काड्यांचे तुकडे दाट खोचले, दुसरी बाजू मोकळी ठेवली. ह्या काड्या म्हणजे खाडीतल्या झाडांची मुळं, ती श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, असं सांगितलं. मग वरून तांब्यानं पाणी सोडलं. मोकळ्या बाजूचा चिखल भसकन खाली आला. काड्यांच्या बाजूचा जागच्या जागी राहिला. पोरांचे डोळे हे एवढे झाले. पुढं बसलेल्या पद्मानं काड्यांकडे बोट केलं आणि हवेतच काहीतरी उपटल्यासारखं केलं. ही काढली तर? मी काड्या उपटल्या, पुन्हा पाणी सोडलं. तीही बाजू वाहून गेली आणि सगळ्या पोरांचे हात तोंडावर गेले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

मध्येच सर जरा हलले आणि खुर्ची करकरली. सगळी पोरं मान वळवून त्यांच्याकडे अशी बघायला लागली की बिचारे तसेच अर्धवट वाकलेले राहिले.

तास संपला. शुभदाताई उठल्या. "तयारी चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या साध्या आवाजानंही पोरं दचकली. "पण एकही मूल एक शब्द बोललं नाही. तुम्हीही नुसत्या कुजबुजत होतात. मुलांना दम देऊन बसवलंय का?"

मला रागच आला.

"दम कशाला देऊ? नाइटची माणसं झोपलीत. दारांना पंचे दिसत नाहीत का?" म्हणत मी चाळीकडे हात केला.

एकाही दाराला पंचा नव्हता.

"कुठले पंचे?" शुभदाताईंनी विचारलं.

परीक्षेला आलेल्या माणसांसमोर मी धडधडीत खोटं बोलले असंच कोणालाही वाटलं असतं. मला भोसरीची ती दाराशेजारची खुर्ची दिसायला लागली.

तेवढ्यात आमचं दार उघडलं. बनियन-लुंगीवर बाबा बाहेर आले. डोळे लालभडक.

"बाई, तिला बोलू नका. पंचे मी काढाय लावले," ते म्हणाले. "सकाळी पाळीवरून आलो तसा दारोदार फिरलो. म्हणलं, आज पोरीची परीक्षा हाय. एक दिस झोप न्हाई झाली तर कुणी मरत न्हाई. तिला मोठ्यानं बोलू द्या. समद्यांनी काढले. आमी समदे जागे हाय, कान लावून पडलोय. पर आयकू काय येतंय? काय न्हाई! मला वाटलं, तुमी आलाच न्हाई."

एकेक दार उघडलं. एकेक तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मला हसावं की रडावं कळेना. बाबांची नाइट आहे हे मला ठाऊक, पोरांनाही ठाऊक. दाराकडे बघायची गरजच कोणाला वाटली नव्हती, गळे आपोआप मिटले होते.

सरांना हसू फुटलं, तर त्यांनी हॅट तोंडावर धरली. इतक्या वेळात तेही शिकले होते. शुभदाताई मात्र हसल्या नाहीत. त्या पद्माजवळ बसल्या.

"काय कळलं गं तुला?"

"मुळं उपटली की जमीन जाते," पद्मा हळूच म्हणाली. "मीच इचारलं व्हतं. खुणेनं."

शुभदाताई उठून माझ्याकडे वळल्या.

"खाडीवर मुलं नेली की एक जण ओरडतो आणि सगळे पक्षी उडून जातात," त्या मला म्हणाल्या. "गप्प बसवलं तर मुलं कंटाळतात, प्रश्नच विचारत नाहीत. आम्हाला हे अजून जमलेलं नाही. तुम्ही एक तारखेला या. आणि ह्या खुणा तिथल्या मुलांना शिकवा."

किती दिवस छातीवर धरून ठेवलेलं ओझं उतरलं, आणि इतकं हलकं वाटलं की पाया पडायचं, आभार मानायचे, काहीच सुचलं नाही. आई चहा ठेवायला आत पळाली आणि तिनं भांडं दणकन आपटलं. भर दुपारी आमच्या घरात भांडं वाजलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाहुणे गेल्यावर बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले.

"आता मला शिकव," ते म्हणाले. "मोठ्यानं. आमी जागे ऱ्हायलो ते कशाला?"

मी पुन्हा चिखल थापला, काड्या खोचल्या आणि सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं सवयीनं कुजबुजतच बोलले. मग आवाज निघाला, आणि तो चाळीच्या टोकापर्यंत गेला. माझा एवढा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा बाबांची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं होतं, श्वास संथ चालला होता. आई पंचा घेऊन दारात आली आणि मला हातानं खूण केली, हळू.

मी गप्प झाले.

"का थांबली?" बाबा डोळे न उघडता म्हणाले. "बोल की. तुझ्या आवाजानं मला झोप लागतीया."