वल्हांडणाची साक्ष

पाळक घरी आले तेव्हा सून कपडे वाळत घालत होती. ते खुर्चीवर टेकले, पाण्याचा पेला हातात धरून बसले आणि मग मुद्द्यावर आले. या गुरुवारी चर्चमध्ये वल्हांडणाचं जेवण ठेवायचं होतं. बेखमीर भाकर, कडू पाला, इस्राएली गुलाम मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले तो बायबलातला निर्गमाचा पाठ, सगळं रीतसर. त्यात तिने उभं राहून साक्ष द्यावी, देवाने तिला कसं वाचवलं त्याची.

"दोनच शब्द बोला, ताई. मंडळीला धीर येईल," ते म्हणाले.

आत सासू भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही.

सून वाचली होती, हे खरं. शिवणकामाच्या कारखान्यात ती वरच्या मजल्यावर मशीनवर बसायची आणि नणंद खाली काज-बटणं करायची. त्या दिवशी सुनेला ताप होता. ती तशीच उठून वेणी घालायला लागली, तर नणंदेने तिच्या हातातून कंगवा काढून घेतला. "वहिनी, तू पडून राहा. तुझं मशीन मी सांभाळते, नाहीतर तो मुकादम दुसरीला देऊन टाकेल." जाताना सुनेचाच डबा घेऊन गेली. स्वतःचा भरायचा तिला कायमच कंटाळा.

दुपारी खाली इस्त्रीच्या टेबलाजवळ आग लागली आणि कापडाच्या गठ्ठ्यांवरून जिन्याने वर चढली. मागे दुसरा जिना होता, पण त्याच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. बायका तिथून कपडे चोरून नेतात, असा मालकाला संशय होता. वरच्या पाचही जणी, त्यांत नणंदही, त्या दाराशी मेलेल्या सापडल्या.

चौकशीत मालकाने सांगितलं की दार उघडंच होतं, बायका धुराने गुदमरून दाराशी पडल्या असतील. कारखान्यातल्या कुणी तोंड उघडलं नाही. नवा कारखाना उभा राहत होता आणि प्रत्येकीला तिथे जागा हवी होती. मालक मंडळीचे पंच होते. पाचही घरांत ते जातीने जाऊन, गुडघे टेकून प्रार्थना करून आले होते. वल्हांडणाचं जेवणही त्यांच्याच तर्फे होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला साक्षीचं आधीच ठाऊक होतं.

"मालकांनी मला नव्या कारखान्यावर पहारेकरी म्हणून घ्यायचं कबूल केलंय," तो म्हणाला. "देवाची कृपा झाली म्हण आणि खाली बस. त्यात खोटं काय आहे?"

"तुझी बहीण गेली रे तिथे."

"मग मी काय करू? मीही जाऊ का?" तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गुरुवारी चर्च भरलं होतं. पाळक मन लावून बोलले. मिसरातली ती रात्र, चौकटींना लावलेलं कोकराचं रक्त, दारं लावून आत बसलेली इस्राएली घरं आणि त्यांना ओलांडून मिसऱ्यांच्या थोरल्या लेकरांकडे गेलेला मृत्यू. देवाचं राखणं कसं दारापर्यंत येऊन उभं राहतं, हे त्यांनी सांगितलं. पुढच्या बाकावर मालक मान डोलावत होते. मग पाळकांनी सुनेला बोलावलं.

ती उभी राहिली.

"मला ताप आला म्हणून मी वाचले," ती म्हणाली. "हे देवाने केलं असं म्हणा, असं मला सांगितलंय. म्हणते. पण माझ्या जागी माझी नणंद बसली होती, मग तिला तिथे कुणी बसवलं?"

मंडळीत चुळबुळ झाली. नवऱ्याने मान खाली घातली.

"मिसरात दारं बंद होती ती आतल्या माणसांनी आतून लावलेली. आमच्या जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मी ते रोज बघायचे. ते काही देवाने लावलं नव्हतं. त्याची किल्ली..."

मालक सावकाश उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आपल्या या बहिणीच्या मनावर परिणाम झालाय. साहजिक आहे. पाळकसाहेब, आपण सगळे तिच्यासाठी प्रार्थना करू या."

पाळक क्षणभर घुटमळले. मग त्यांनी हात वर केले आणि सगळ्या माना एकदम खाली गेल्या. तिच्या शांतीसाठी, तिच्या बरं होण्यासाठी सगळे जण एका सुरात आमेन म्हणाले. ती तशीच उभी होती. तिच्यासारखेच उघडे डोळे फक्त सासूचे होते. प्रार्थना संपेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर सासूने दोन ताटं वाढली. नवरा आला नव्हता.

"बरं केलंस बोललीस ते," सासू म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण एक सांगते. त्या दिवशी मला वाटलं होतं, तिच्याऐवजी तू असतीस तर."

"माहीत आहे मला, आई."

"अजूनही वाटतं कधी कधी."

"तेही माहीत आहे."

सासूने घास हातातच ठेवला. "तो पाठ मी लहानपणापासून ऐकत आलेय. दरवेळी मी ओलांडलेल्या घरात असायचे. मिसरातल्या आया त्या रात्री कशा रडल्या असतील, हे कधी मनात आलं नाही. आज वाटलं, मी त्यांच्यातली."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला निरोप मिळाला की पहारेकऱ्याची जागा भरली. महिनाभर तो बायकोशी बोलला नाही. दोघी सासू-सुना पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. हवालदार म्हणाला, प्रकरण मिटलंय, कुलूप पाहणारी आणखी एक तरी साक्षीदार आणा. दोघी कारखान्यातल्या बायकांच्या दारोदार फिरल्या. एकीने चहा केला, एकीने दारच उघडलं नाही. चहा करणारी रडली, पण यायला तयार झाली नाही.

मग सासूने एक केलं. रविवारी ती चर्चमध्ये पुढच्या बाकावर, मालकाच्या शेजारी जाऊन बसली. पंचांची जागा आहे, असं कुणीतरी हळूच सुचवलं, तर तिला ऐकूच आलं नाही. पुढच्या रविवारीही तिथेच. ती काही बोलायची नाही, वळून बघायचीही नाही. काही आठवड्यांनी मालक सहकुटुंब गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला जायला लागले. तिथेही त्यांना लवकरच पंच केलं म्हणतात.

सासू अजून पुढेच बसते.

"आता कशाला, आई? गेला ना तो," सुनेने एकदा विचारलं.

"त्याच्यासाठी नाही. पुढून नीट ऐकू येतं."

"काय ऐकायचं राहिलंय?"

"माझ्या लेकीबद्दल देवाचं काय म्हणणं आहे ते," सासू म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या. "अजून काही बोलला नाही."