बाईसाहेबांची निळी चटणी

शालनबाईच्या आयुष्यात तिच्या हक्काचं म्हणावं असं दार एकच आलं, आणि तेही दुसऱ्याच्या बंगल्याचं. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना निघाला, तो चालू करून द्यायला परदेशातून साहेब आले, साहेबांसाठी बंगले बांधले, आणि त्यातल्या एका बंगल्यात स्वयंपाकाला लागलेल्या शालनबाईला मागच्या अंगाला एक खोली मिळाली. खोली कसली, खुराडंच. पण दाराला आतून कडी होती. चाकणला सासरी होती तोवर तिला कडी लावून झोपण्याची मुभा नव्हती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि हिला भोसरीला माहेरी आणून सोडलं, तिथं भाऊ-भावजयीच्या घरात कडी लावायला वेगळं दारच नव्हतं. बंगल्यातल्या खोलीत पहिल्या रात्री ती कडी लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. हसू येईल कुणाला, येऊ दे बापडं.

आता साहेबाची मुदत संपली होती. त्याच्या जागी दुसरा साहेब त्याच बंगल्यात येणार होता, आणि स्वयंपाकाला कोण ठेवायचं, म्हणजे ती खोली कुणाला द्यायची, हे नव्या साहेबाची बायको ठरवणार होती. म्हणून जुन्या बाईसाहेबांनी शनिवारी संध्याकाळी चहाला सगळ्या बंगल्यांतली माणसं बोलावली. निरोपही होईल आणि नव्यांची ओळखही.

"शालन, निली चटनी तुम बनाना," बाईसाहेब आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या. "नया मेमसाब को बहोत पसंद. वो खायेगी तो तुमको जाने नहीं देगी."

बाई मनाची चांगली होती. शालनबाईला चारचौघींत मोठं करायची तिला खरंच हौस होती, हे कुणी नाकारू नये.

चटणी म्हणजे आपली चटणी नव्हे. मुंबईहून चंदेरी कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा यायचा, पांढरा, आणि त्यात आरपार निळ्या-हिरव्या रेघा. रेघा बुरशीच्या. मुद्दाम धरवलेल्या! कागद उघडला की स्वयंपाकघरभर ओल्या चामड्यासारखा वास सुटायचा. बंगल्यातला बटलर चिमाजी, पूर्वी खडकीच्या लष्करी मेसमध्ये होता, तो म्हणायचा, "साहेबाची कमालच हाय. दिसभर कारखान्यात बुरशीपासनं औषध करतोय आन् सांजच्याला बुरशीच खातोय." आणि स्वतःच खो खो हसायचा.

ही चटणी बाईसाहेब आजवर स्वतः करीत. शालनबाई फक्त दही टांगून द्यायची आणि साय काढून द्यायची. पण बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. शनिवारी सकाळी तिनं मलमलीच्या फडक्यात दही टांगलं. दुपारी चांगला घट्ट चक्का निघाला. नाकाला पदर लावून तिनं चीज कुस्करलं, थोडं अगदी गुळगुळीत, थोडं मुद्दाम जाडसर, बाईसाहेबांना तसंच लागायचं. त्यात चक्का घातला, ताजी साय घोटली, लिंबाचे थेंब, ठेचलेली लसणाची पाकळी, भरड मिरी. गाजर-काकडीचे लांब तुकडे आणि खारी बिस्किटं बाजूला मांडली. आणि चटणीत मीठ घातलं.

मीठ तिनं चक्क्याच्या अंदाजानं घातलं, एवढ्या चक्क्याला एवढं. बाईसाहेब मीठ घालत नसत, कारण चीजच मुळात खारट. पण न घातलेली गोष्ट बघणाऱ्याला दिसणार कशी?

केसांना पिना लावत बाईसाहेब दारातून डोकावल्या. "चखके देखा?"

"व्हय बाईसाहेब," शालनबाई म्हणाली.

खोटं बोलली. आयुष्यात तिनं एकही पदार्थ वाढण्याआधी जिभेला लावला नव्हता. पाहुण्याच्या आधी तोंड लावलं की अन्न उष्टं झालं, आणि उष्टं कुणाला वाढायचं नाही, हे तिच्या आईनं तिला चुलीपुढं बसायला लागल्यापासून शिकवलं होतं. मीठ हातानं कळलं पाहिजे, जिभेनं नव्हे. सासरी तिच्या सगळ्या गोष्टींना नावं ठेवली गेली, चालण्याला, बोलण्याला, रिकाम्या कुशीला, पण मिठाला कधी नाही. तेवढा एक अभिमान तिच्याजवळ होता. आणि खरं सांगायचं तर रीत नसती तरी तिनं त्या बुरशीला तोंड लावलं नसतं. पण हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती.

पाहुणे आले. शालनबाई स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागं उभी राहिली. नवी बाई उंच, नाकावर तपकिरी ठिपके, हसरी. शालनबाईला ती बघताक्षणी आवडली. बाईसाहेबांनी कौतुकानं वाटी तिच्यापुढं केली. नव्या बाईनं गाजराचा तुकडा चांगला बुडवून उचलला, तोंडात घातला, आणि तिचं चावणं थांबलं. मग घाईघाईनं गिळून ती पाणी प्यायली. शेजारच्या साहेबानं बिस्किटाला लावून खाल्लं, त्याला ठसका लागला. मोठी माणसं, सभ्य माणसं. थोड्या वेळानं कुणीतरी ती वाटी हळूच फुलदाणीमागं सारली.

दिवेलागणीला पाहुणे पांगले. बाईसाहेब नव्या बाईला घेऊन स्वयंपाकघरात आल्या, वाटी हातात, मागून चिमाजी. बाईसाहेब रागावलेल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत नुसती अजीजी होती.

"शालन, तुम चखा था ना?"

हो म्हणावं तर जिभेला चव नाही असं ठरणार. नाही म्हणावं तर खोटं बोललेली. शालनबाईनं मान खाली घातली.

"न्हाई बाईसाहेब. आमी पाव्हन्याला उष्टं वाढत न्हाई."

चिमाजीनं ते नव्या बाईला इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि गड्यानं चांगलं सांगितलं हो, हातवारे करून, स्वतःच्या आईचा दाखला देऊन. नवी बाई मन लावून ऐकत होती. ऐकता ऐकता हसली. काहीतरी म्हणाली.

"बाई म्हनत्यात, रीत झ्याक हाय," चिमाजीचाही चेहरा खुलला. "पन आता पाव्हनं खाऊन गेलं. आता चाखाया काय हरकत न्हाई. चाख आन् काय चुकलं ते तूच सांग. म्हंजी फुडच्या खेपंला नीट करशील."

फुडच्या खेपंला! शालनबाईच्या जिवात जीव आला. पुढची खेप म्हणजे खोली. तिनं पदर खोचला, वाटीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

खारटपणा तिनं सोसला असता. मिठाचा खडा चोखायला सांगितला असता तरी हसत चोखला असता. पण तो वास आता तोंडात होता, नाकात होता, घशाशी होता, आणि निळ्या रेघा डोळ्यांपुढं होत्या. तिनं ओठ घट्ट मिटले, गिळायचा प्रयत्न केला, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी तोंडावर हात धरून ती मोरीकडं धावली आणि दुपारचं सगळं जेवण तिथं ओकून टाकलं.

तोंड धुऊन ती वळली, तेव्हा नव्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं. राग नव्हता. वाईट वाटलं होतं तिला, खूप वाईट वाटलं होतं. ती हळू आवाजात काही बोलली.

"काय म्हनल्या? चिमाजी, सांग की."

"जाऊ दे, शालनबाई."

"सांग म्हनते ना!"

चिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "म्हनत्यात, माझ्या अन्नाची जिला एवढी किळस येती, तिच्या हातचं मी रोज कसं खाऊ?"

हेच दुसऱ्या कुणी शालनबाईला विचारलं असतं, तर तिनंही मान डोलावली असती. पण माणूस बुडायला लागलं की मान डोलावत नाही. "सव व्हईल मला," ती म्हणाली, "रोज थोडं थोडं खाईन, बाईसाहेब, आताबी खाते, हे बगा." आणि तिनं वाटीत पुन्हा हात घातला. बोटं भरून चटणी तोंडाशी नेली. नव्या बाईनं तोंड फिरवलं. चिमाजीनं शालनबाईपुढची वाटी काढून घेतली, आणि "पुरं, बाये," एवढंच म्हणाला.

बाईसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या रडत होत्या. पण त्यांची गाडी पुढच्या आठवड्यात होती, त्या रडण्यापलीकडं काय करणार? खडकीहून एक खानसामा ठरला. खोली त्याला मिळाली.

बाईसाहेब गेल्या त्याच सकाळी शालनबाई ट्रंक डोक्यावर घेऊन भोसरीला निघाली. वाटेत ती भाऊ काय म्हणेल, भावजय काय म्हणेल याची जुळवाजुळव करत होती. बोलणी बसणार, हाकलूनही देतील. त्याला ती तयार होती. बोलणी खायची तिला सवय होती.

भाऊ यशवंता अंगणात दावं वळत बसला होता. त्यानं वर बघितलं, उठला आणि काही न विचारता ट्रंक उतरवून घेतली. भावजय गोजाबाई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. कुणी रागावलं नाही. आत माजघराच्या कोपऱ्यात, ती दोन वर्षांपूर्वी टाकून गेली होती तिथंच, तिचं अंथरूण पडलेलं होतं. उशाशी तिचा जुना कंगवासुद्धा होता.

"हे अजून हितंच?" शालनबाईनं विचारलं.

"उचलून कशाला ठिवायचं?" गोजाबाई अगदी मायेनं म्हणाली. "तू येनार हे ठावंच व्हतं की आमाला."