हिरव्यावर हिरवं

लग्नाला न आलेल्या माणसाला लग्नाच्या व्हिडिओत आणून उभं करावं ते चारुतानेच, असं पनवेलच्या लाइन आळीत बोललं जाई. बोलायला सुरुवात बहुधा चारुताच करी.

म्हणून झुबेदाखाला तिच्याकडे आल्या. त्यांच्या यूम्नाचा निकाह झाला तेव्हा थोरला अदीब मस्कतला अडकला होता. रजा मिळाली नाही, असं तो सांगत होता. मागितलीच नसेल, असं यूम्ना म्हणत होती. दोन महिने तिने भावाशी अबोला धरला होता, आणि निकाहचा व्हिडिओ बघायलाही ती तयार नव्हती.

"त्याला त्यात घाल गं बेटा," खाला म्हणाल्या. "रविवारी ती सासरहून यायचीय. शेजारी भाऊ उभा दिसला तर राग निवळेल तिचा."

चारुताने अदीबला फोनवर बजावलं: मागे हिरवी चादर ताण, सुरकुती नको, सरळ उभा राहा, हस. कॉम्प्युटर हिरवा रंग पुसून टाकतो आणि उरलेला माणूस हवा तिथे नेऊन ठेवता येतो. अंगात काय घालायचं, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

क्लिप आली. चारुताने हिरवा पुसला, तर नवरीशेजारी एक हसरं डोकं आणि दोन हात तरंगू लागले. चादर हिरवी होती आणि शेरवानीही हिरवीच होती.

"काय एकेकाची अक्कल," ती पुटपुटली. कोणाची, ते तिने स्पष्ट केलं नाही.

पण हार मानेल तर ती चारुता कसली. तिने अदीबचं डोकं एका पाहुण्याच्या काळ्या सुटावर बसवलं. मानेभोवती मॅट कापला, म्हणजे काय दिसावं आणि काय झाकावं याचा साचा. पायाखाली सावली टाकून ती मल्टिप्लाय मोडवर ठेवली, तशी ती गालिच्यात छान मुरली. काम इतकं बेमालूम झालं की चारुताने स्वतःसाठी खास चहा मागवला.

रविवारी आईने ओढून आणलेली यूम्ना चारुताच्या दारातच उभी राहिली. तिथूनच तिने व्हिडिओ पाहिला.

"हा भाईजान नाही," ती म्हणाली. "त्याचा डावा खांदा उतरता आहे. हे कोणाचे खांदे लावलेत?"

चारुताला ते झोंबलं. दोष आपला नाही हे दाखवायला तिने मूळ क्लिप लावली. मस्कतच्या खोलीत, दोन पलंगांच्या मधे, कपड्यांच्या चिमट्यांनी ताणलेली चादर. तिच्यापुढे इस्त्रीच्या शेरवानीत ताठ उभा अदीब.

"थांबवा," यूम्ना म्हणाली.

ती शेरवानी तिने शिवली होती. निकाहाला हीच घालून ये म्हणून मस्कतला जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवली होती. तिसरं बटण घाईत वाकडं लागलं होतं, आणि ते अजून तसंच होतं. निकाह चुकलेला भाऊ एकटाच नटून चादरीपुढे उभा राहिला होता. यूम्नाला रडू आवरेना. डोळे पुसत तिने फोन लावला.

"भाईजान, हिरव्यासमोर हिरवं घालून कोण उभं राहतं?"

"तुझ्या निकाहाला दुसरं काय घालणार होतो?" तिकडून आवाज आला. "आणि चारुतादीदी कपड्यांचं काही बोलल्याच नाहीत."

चारुताला अचानक आपला माउस फार मळलेला वाटू लागला.

भावंडांचं बोलून झाल्यावर खालांनी हळूच विचारलं, "आता ही शेरवानी येईल का गं त्यात?"

आठ सेकंदांची दोनशे चित्रं होती, आणि प्रत्येकात हिरव्यातून हिरवं हाताने कापायचं होतं. "येईल," चारुता म्हणाली, आणि पुढे बढाई मारायची विसरली.

यूम्नाने स्टूल ओढून पडद्याजवळ घेतलं. "डाव्या खांद्यापासून सुरू करा," ती म्हणाली. "त्याचं माप मला पाठ आहे."